राक्षसाला वाघाचं तोंड मिळालं, पण त्याचा 'वर' कुठं गेला?

तळजाईकर (धागाकर्ता)

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा भूमिका-खेळ. तो खेळणाऱ्यांना राक्षस म्हटलं की ठरलेलं चित्र आठवतं. वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, तोंडात पाइप आणि हाताचे तळवे उलटे. गणपतीत पेठांमधले हलते देखावे बघत मोठं झालेल्याला आठवतात सुळे, मिशा, गदा आणि गडगडाटी हसणं. हे दोन राक्षस एकमेकांना कसे भेटले आणि त्या भेटीत काय सांडून गेलं, यावर बरेच दिवस लिहायचं होतं. कोथरूडच्या आमच्या गटात मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा. नव्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीचा, मुख्य खलनायक राक्षसच ठेवायचा आहे, त्यामुळे हे आत्ताच लिहितोय.

खेळ आला १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. राक्षस त्यात आला डिसेंबर १९७५ मध्ये, टीएसआर कंपनीच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या पाचव्या अंकातून. तो रामायण वाचून आलेला नाही. डिसेंबर १९७४ मध्ये 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या अमेरिकन टीव्ही मालिकेचा एक भाग लागला होता. त्यातला राक्षस भक्ष्यासमोर येताना त्याच्या सर्वांत विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन येतो आणि शेवटी मंत्रून घेतलेल्या क्रॉसबोच्या बाणानं मरतो. गायगॅक्सनी या दोन्ही गोष्टी उचलल्या. मग १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, डेव्हिड ट्रॅम्पियरनं पाइप ओढणारा वाघतोंड्या काढला. ते चित्र इतकं देखणं होतं की पुढच्या जवळजवळ सगळ्या चित्रकारांनी तेच प्रमाण मानलं.

त्या पुस्तकातला राक्षस असा : आठव्या पातळीखालचा कुठलाही मंत्र त्याला लागत नाही, साधं शस्त्र त्याच्यावर चालत नाही, समोरच्याच्या मनातलं त्याला वाचता येतं. आणि क्लेरिकनं, म्हणजे खेळातल्या पुरोहितानं, आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की खेळ खलास. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या मर्जीशिवाय लागत नाहीत आणि सत्प्रवृत्त माणसाच्या हातातल्या जादुई, टोकदार शस्त्राची इजा दुप्पट होते. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये पुन्हा आशीर्वाद परत आला, म्हणजे 'ब्लेस' मंत्राखाली असलेल्यानं भोसकलं तर तो घाव त्याला जड जातो. पन्नास वर्षांनंतरही तो टीव्हीवरचा बाण त्याच्या छातीतून निघालेला नाही.

वाघाच्या तोंडाबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकतं ते वेगळंच. या राक्षसावर काय चालत नाही याची लांबलचक यादी आहे आणि त्या यादीत एक फट आहे. ही रचना आपल्याला किती ओळखीची आहे! रावणानं ब्रह्मदेवाकडे देव, दानव, दैत्य, यक्ष, नाग, राक्षस या सगळ्यांपासून अभय मागितलं. माणसं राहिली. विसरून राहिली नाहीत. उत्तरकांडात तो स्वच्छ सांगतो की माणसं वगैरे प्राणी मला गवताच्या काडीसारखे आहेत. म्हणजे ज्याला त्यानं मोजलंच नाही, त्याच्याच हातून तो मेला. हिरण्यकशिपू राक्षस नव्हे, दैत्य. पण तिथंही तेच. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. सगळी दारं लावून घेतली आणि उंबरठा राहिला.

खेळातल्या राक्षसाची फट अशी आतून पडलेली नाही, ती बाहेरून लावलेली आहे. बाणच का? आशीर्वादच का? याचं उत्तर त्या राक्षसाच्या आयुष्यात कुठंच नाही. आपल्याकडे वर म्हणजे त्या राक्षसाचं चरित्र असतं. त्यानं किती वर्षं तप केलं, कुणाला भिऊन केलं, मागताना कुणाला तुच्छ लेखलं, हे सगळं त्या एका मागणीत येतं. डीएमच्या हातात यापेक्षा चांगलं हत्यार दुसरं नाही, आणि अर्ध्या शतकात ते कुणी नीट वापरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

माझा राक्षस असा आहे. तो नाणेघाटात बसलाय. जुन्नरहून कोकणात उतरणारी ती वाट, सातवाहनांच्या काळातली, नागनिकेचा लेख असलेली लेणी आणि वर तो दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असं म्हणतात. माझा राक्षस त्या रांजणाचा मालक. त्यानं वर मागितला तो असा : शस्त्र धरणाऱ्याकडून, मंत्र म्हणणाऱ्याकडून, मुकुट घालणाऱ्याकडून आणि सोनं मोजणाऱ्याकडून मला मरण नको. रोज त्याच्या समोरून पाठीवर पोती घेऊन चढणारे हमाल त्याला कधी दिसलेच नाहीत.

नियम सोपा ठेवलाय. ज्यानं दुसऱ्याचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन पूर्ण घाट चढलाय, त्याचा घाव लागतो. बाकी कुणाचा नाही, मग तलवार कितीही भारी असो. ओझं नेताना शस्त्र उपसायचं नाही, मंत्र म्हणायचा नाही. आणि ते ओझं खरोखर कुणाच्या तरी गरजेचं हवं, नाटक चालणार नाही. माझ्या टेबलावरचे पॅलाडिन (धर्मयोद्धे) आणि विझार्ड (जादूगार) मिठाची पोती घेऊन घाट चढताना बघायचे आहेत मला.

मंडळींना काय वाटतं? राक्षस तुमच्या खेळात आला असेल तर कसा आलाय, तेही लिहा.


सांजवाचक

फार आवडलं. वाघाच्या तोंडाबद्दल थोडी भर घालते.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, १०४ व्या सूक्तात, इंद्राला विनवलंय की घुबडाच्या, कुत्र्याच्या, गरुडाच्या, गिधाडाच्या रूपानं येणाऱ्या या राक्षसांना दगडानं ठेचावं तसं चिरडून टाक. म्हणजे सुरुवातीपासून ते रूप बदलणारेच आहेत, पण रात्री हिंडणारे, यज्ञ नासवणारे. त्यात वाघ नाही.

वाघ सापडतो सुंदरकांडात. अशोकवनात सीतेभोवती बसलेल्या राक्षसिणींचं वर्णन वाचा. कुणाचं तोंड डुकराचं, कुणाचं हरणाचं, कुणाचं वाघाचं, म्हशीचं, बोकडाचं, कोल्हिणीचं. कुणाचे पाय हत्तीचे, कुणाचे उंटाचे, कुणाचे घोड्याचे. ट्रॅम्पियरनं हे वाचलं असण्याची शक्यता मला वाटत नाही, पण वाल्मीकींच्या लंकेत वाघतोंडी राक्षसीण होती एवढं खरं. मात्र ती अनेकींतली एक होती. खेळानं तो एकच मुखवटा घेतला आणि पूर्ण जातीला चढवला, इथं नुकसान झालं.

त्याच जागेवर आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत सुंदर वाटते. रात्र सरत आलेली असताना मारुती झाडावर बसलाय आणि त्याला लंकेतल्या ब्रह्मराक्षसांचा वेदघोष ऐकू येतो. सहा अंगांसह वेद जाणणारे, मोठमोठे यज्ञ करणारे राक्षस. शत्रूच्या नगरात पहाटे कानावर काय पडावं, तर आपल्याच घरात म्हटले जातात ते मंत्र. खेळणाऱ्यांना राक्षसाच्या नगरीत न्याल तेव्हा हे नक्की करा. आधी आरडाओरडा, हाडं, रक्त काही दाखवू नका. पहाट दाखवा.


नॅटवीस

धागा जबरी. पण टेबलावरच्या अडचणी विचारतो.

एक, आमच्या गटातल्या सगळ्यांनी मॉन्स्टर मॅन्युअल पाठ केलंय. मी 'वाघ' म्हटलं, किंवा 'यजमान फारच आतिथ्यशील आहे' एवढं जरी म्हटलं, तरी लगेच कुणीतरी बाण शोधायला लागतो.

दोन, हा चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड याचा आकडा) तेराचा प्राणी आहे. आमची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) पाचव्या लेव्हलला आहे. थेट भिडले तर टीपीके, म्हणजे सगळी पार्टी खलास, ठरलेला. नखांचा तो शाप तर फारच वाईट, एकदा ओरबाडलं की शाप उतरेपर्यंत विश्रांतीचा काही उपयोग होत नाही, डोक्यात सतत भयानक चित्रं. हा नियम मात्र मला फार आवडतो, कारण झोप उडवणारा राक्षस आपल्या गोष्टींतल्या निशाचराशी जुळतो.


तळजाईकर

@सांजवाचक, पहाटेचा वेदघोष थेट उचलतोय. लंकेतली ती पहाट मी असंख्य वेळा वाचली असेल, पण ती खेळात आणायचं सुचलं नव्हतं.

@नॅटवीस, वाघ काढून टाका. तळवे ठेवा. उलटे तळवे हे खेळानं आपल्या राक्षसाला दिलेलं सर्वांत चांगलं देणं आहे, आणि परदेशी टेबलांवर ते वाया जातं, कारण तिथं हाताशी फारसं काही घडत नाही. आपल्याकडे सगळं हातांत आहे. मायेनं रूप बदललं तरी ती फक्त दिसण्यापुरती, स्पर्शाला हात तसाच. मग तो नमस्कार लांबूनच करेल. पाया पडायला आलेल्याच्या डोक्यावर हात ठेवणार नाही. तीर्थ घ्यायला ओंजळ पुढं केली की दिसायला तळवा सरळ, पण पळीतलं पाणी तळव्यात न थांबता बाजूनं ओघळून जमिनीवर. पुजारी असलेल्या खेळाडूला तेवढंच सांगायचं : 'तीर्थ सांडलं.' बाण कुणी शोधणार नाही, पण टेबलावर शांतता होईल.

पाचव्या लेव्हलसाठी रावण नको, मारीच आणा. रामाचा बाण लागून शंभर योजनं लांब समुद्रात फेकला गेलेला, नंतर वनात तप करत बसलेला, घाबरलेला राक्षस. अरण्यकांडात तो रावणाला सांगतो की रत्न, रथ असे 'र'नं सुरू होणारे शब्द ऐकले तरी माझा थरकाप होतो. असा राक्षस सरायीत व्यापारी बनून तुमच्या पार्टीसमोर बसलाय आणि कुणी सहज 'रथ' म्हणालं की त्याच्या हातचा पेला हिंदकळतो. त्याला मारायचं की त्याच्याकडून थोरल्या राक्षसाची माहिती काढायची, हा खरा पेच. रावणाला 'जाऊ नकोस' म्हणून समजावणारा पहिला माणूस मारीचच होता, हे आपण विसरतो.


कसबेकर

+१ सगळ्याला. पण एक गोष्ट गंभीरपणे मांडायची आहे, राग मानू नका.

ही मंडळी कुणासाठी तरी आजही देव आहेत. मनालीला हिडिंबेचं मंदिर आहे. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात सांगोळ्याला रावणाची पूजा होते. आणि पाथर्डी तालुक्यातलं नांदूर निंबादैत्य तर कित्येकांना माहीत असेल, गावचं दैवतच निंबादैत्य. गावात मारुतीचं मंदिर नाही, मुलाचं नाव मारुती ठेवत नाहीत, मारुती कंपनीची गाडीसुद्धा घेत नाहीत. पुण्यातलंच बघायचं तर वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणारे कितीतरी लोक वेताळाच्या देवळाशी हात जोडून पुढं जातात. ज्याला खेळाच्या पुस्तकात भूत म्हणून छापतील त्याला आपण भुतांचा राजा आणि राखणदार मानतो.

खेळू नका असं म्हणत नाही. माझी मुलगीही खेळते. पण सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, हे विचारून घ्यावं की टेबलावरच्या कुणाच्या घरी यातल्या कुणाला नैवेद्य जातो का. आणि जिथं पूजा चालू आहे ते खरं गाव, खरं देऊळ खलनायकाचा अड्डा म्हणून वापरू नये.


तळजाईकर

@कसबेकर, राग कशाला, हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं इतकं मोलाचं आहे. सेशन झीरोच्या कागदावर हा प्रश्न घालतोय. नाणेघाट मी त्यासाठीच निवडला, तिथला राक्षस पूर्ण माझा आहे. आणि निंबादैत्याची गोष्ट मला वेगळ्या कारणानं फार महत्त्वाची वाटते. एखादं गाव दैत्याच्या बाजूनं उभं आहे, पिढ्यानपिढ्या, आनंदानं. पार्टी अशा गावात पोचली आणि तिथं लोक म्हणाले, 'तो आमचा आहे, त्याला हात लावू नका', तर पॅलाडिननं काय करायचं? या प्रश्नावर दोन-तीन सेशन आरामात जातील.


शक्तिवेध

घटोत्कचाचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही!

माझ्या मते भारतीय युद्धाचा चौदावा दिवस आणि त्या रात्रीचं युद्ध हा प्रत्येक डीएमनं अभ्यासावा असा भाग आहे. सूर्य मावळला तरी लढाई थांबत नाही. मशाली पेटतात. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, त्यामुळे हिडिंबेचा मुलगा कौरव सैन्यात हाहाकार उडवतो. त्याच्याविरुद्ध कौरवांकडूनही राक्षसच लढतात, अलंबुष, अलायुध. राक्षस म्हणजे एक बाजू असं समीकरण महाभारतात नाहीच, ते दोन्ही सैन्यांत आहेत, नात्यांनी आणि वैरांनी बांधलेले. अलायुध तर बकासुराच्या वधाचा सूड घ्यायला आलेला असतो.

आणि मग कर्ण. त्याच्याकडे इंद्रानं दिलेली शक्ती आहे, कवचकुंडलांच्या बदल्यात मिळालेली, एकदाच वापरता येणारी. ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवलीय. सैन्य ओरडतंय, आत्ता वापर, नाहीतर सकाळ बघायला आम्ही उरणार नाही. तो वापरतो. घटोत्कच पडतो, पण पडताना शरीर प्रचंड वाढवतो आणि एक अक्षौहिणी सैन्य खाली चिरडून मरतो. पांडव रडताहेत आणि कृष्ण आनंदानं नाचतोय, कारण शक्ती खर्ची पडली.

खेळात ज्याला आपण 'एकदाच चालणारी जादुई वस्तू' म्हणतो, तिच्यावर इतका मोठा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही. खेळाडूंना अशी एक वस्तू पहिल्या सेशनला द्या, कुणासाठी आहे ते सांगा, आणि मग त्यांच्यावर असा राक्षस सोडा की ती आत्ताच वापरावी लागेल. राक्षस जिंकायला आलेलाच नसतो. तो ती वस्तू संपवायला आलेला असतो, आणि त्याला ते ठाऊक असो वा नसो, पाठवणाऱ्याला नक्की ठाऊक असतं.

पुण्यातल्यांना आणखी सांगतो. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, सुकथनकरांसारख्या विद्वानांनी आयुष्य वाहिलं. ती लॉ कॉलेज रस्त्यावर आपल्या दाराशी झाली. राक्षस शोधायला परक्या पुस्तकाच्या चित्रापाशी थांबायची आपल्याला काय गरज? आदिपर्वातलं हिडिंबवध आणि बकवध, द्रोणपर्वातली ती रात्र, एवढं वाचलं तरी एका कॅम्पेनचे राक्षस मिळतात.


खारंपाणी

विदर्भातून लिहितेय, पुण्यात नोकरीला असले तरी. कसबेकरांची अट पाळून एक जागा सुचवते, थेट नाव न घेता वापरा : लोणारसारखं सरोवर. बसाल्टमध्ये उल्केनं पाडलेलं जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, खारं पाणी, उतारावर दाट झाडी, झाडीत पडझड झालेली देवळं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ, लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं. आणि २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याचं कारण खेळात सांगूच नका. एका सकाळी विवराचं पाणी गुलाबी झालंय, एवढंच सांगा.


नॅटवीस

बापरे, काय काय सामान जमलं. शक्तीची कल्पना मी चोरतोय.

एबेरॉनबद्दल, म्हणजे याच खेळासाठी रचलेल्या एका जगाबद्दल, कुणी बोललं नाही. २००४ पासूनच्या त्या जगात राक्षसांना बऱ्यापैकी न्याय मिळालाय. माणसांच्या कितीतरी आधी जगावर त्यांच्या धन्यांचं राज्य होतं, ते धनी आता बंदिवान आहेत आणि राक्षस गुपचूप त्यांच्या सुटकेची तयारी करताहेत. निदान इतिहास आहे, बेत आहेत. वर मात्र तिथंही नाही, हे धागाकर्त्याचं म्हणणं पटलं.

माझा शेवटचा प्रश्न. हमालाची फट खेळाडूंना कळणार कशी? ग्रंथालयात पोथी सापडली, असं केलं की मजा जाते. अंदाजानं कळणं तर अशक्य.


सांजवाचक

मी सांगू? पोथी नको. घरातलं माणूस हवं. इंद्रजित निकुंभिलेला यज्ञ करतोय आणि तो पुरा झाला तर त्याला कुणी हरवू शकणार नाही, हे लक्ष्मणाला बिभीषणानं सांगितलं. सख्ख्या काकानं. यज्ञ मोडला, इंद्रजित पडला. प्रत्येक राक्षसाच्या घरात एक बिभीषण असतो आणि एक कुंभकर्णही, ज्याला थोरल्याचं चुकलंय हे दिसतं, जो तोंडावर बोलतो आणि तरीही त्याच्याच बाजूनं लढायला जातो. खेळाडूंनी कुणाशी बोलायचं ते त्यांना ठरवू द्या. चुकून कुंभकर्णाशी बोलले तर तो त्यांना खरं सांगेल, पोटभर जेवू घालेल आणि दुसऱ्या दिवशी समोर उभा राहील.


तळजाईकर

@सांजवाचक, हेच. नाणेघाटातल्या राक्षसाला धाकटी बहीण देतोय. भाऊ तपाला बसला होता तेव्हा तिनं वर्षानुवर्षं त्याच्यासाठी पाणी आणि फळं पाठीवर वाहून आणली. म्हणजे ज्याला त्यानं मोजलं नाही, त्या हमालांतली पहिली ती. तिला वर कळलाय आणि फट कुठं आहे हेही कळलंय. ती आपण होऊन सांगणार नाही. तिची कावड कुणी काही न विचारता उचलली तरच बोलेल.

आणि हो, याचा अर्थ तिचाही घाव त्याला लागतो. खेळाडूंनी तिला तसं सुचवलं तर ती काय करेल, हे मी अजून ठरवलेलं नाही. ते सेशनमध्ये तिच्या तोंडूनच येऊ देणार आहे. पाचव्या आवृत्तीचा मूळ राक्षस मोफत नियमसंचात आहेच, त्यावर माझे बदल करून पत्रक बनवतोय. झालं की याच धाग्यावर टाकतो.


नॅटवीस

टाका लवकर. आमच्या गटाला बहिणीबद्दल एक अक्षर सांगणार नाही.


शक्तिवेध

पत्रकात तिचे आकडे भावापेक्षा कमी ठेवू नका ही विनंती. इतकी वर्षं डोंगर चढलेली बाई आहे ती.